वाचकांचे प्रश्न : नोड रिकामे असताना जॉब रांगेत का थांबतो?

या महिन्यात संगणकविषयक जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात. २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झाले आणि त्यानंतर ‘परम’ मालिकेतील यंत्रे देशातील आयआयटी, आयसर आणि इतर संशोधन संस्थांत बसवली गेली. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे आणि २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी ‘परम रुद्र’ही आले. त्यामुळे पूर्वी ज्यांनी स्वतःच्या टेबलावरच्या संगणकापलीकडे काही वापरले नव्हते, असे शेकडो विद्यार्थी आता एका सामाईक यंत्रावर काम करू लागले आहेत. असे यंत्र म्हणजे अनेक संगणक जोडून केलेला क्लस्टर; त्यातील प्रत्येक संगणकाला नोड आणि त्यावर टाकलेल्या कामाला जॉब म्हणतात. या यंत्रावर कोणाचे काम कोठे, केव्हा आणि किती वेळ चालेल, हे ठरवणाऱ्या प्रणालीला वर्कलोड मॅनेजर म्हणतात. बोलताना तिला नुसते शेड्यूलर किंवा ‘क्यू’ही म्हटले जाते. पुढील प्रश्न तिच्याविषयीचे आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका संस्थेत रसायनशास्त्रात पीएचडी करते. आमचा क्लस्टर ४० नोडचा असून त्यावर स्लर्म हा वर्कलोड मॅनेजर आहे. माझा सहा नोडचा जॉब कालपासून रांगेत आहे. ‘एसइन्फो’ आज्ञा दिली की बारा नोड रिकामे दिसतात, पण माझ्या जॉबसमोर ‘पेंडिंग’ आणि कारण म्हणून ‘प्रायॉरिटी’ एवढेच येते. यंत्र मोकळे असताना काम का मिळू नये? सोबत माझी स्क्रिप्ट, म्हणजे जॉबच्या मागण्या आणि आज्ञा लिहिलेली फाइल, पाठवत आहे.

आपली तक्रार मनापासून समजते, कारण क्लस्टरवर नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे कोडे पडते आणि त्याचे उत्तर बहुधा स्क्रिप्टच्या एकाच ओळीत दडलेले असते. आपल्या स्क्रिप्टमध्ये सहा नोड मागितले आहेत आणि वेळेची मर्यादा ७२ तासांची लिहिली आहे. पत्रात मात्र आपणच लिहिता की अशा प्रकारची गणना साधारण चार तासांत आटोपते. खरी अडचण येथे आहे.

रिकामे दिसणारे नोड अनेकदा मोकळे नसतात, तर कोणासाठी तरी राखून ठेवलेले असतात. समजा, दुपारचे बारा वाजले आहेत. चाळीसपैकी अठ्ठावीस नोडवर चालू असलेली कामे संध्याकाळी सहाला संपणार आहेत. रांगेत सर्वांत पुढे जो जॉब उभा आहे, त्याला एकाच वेळी ३६ नोड लागतात. शिल्लक बारा नोडवर तो सुरू होऊ शकत नाही. आता शेड्यूलरने या बारा नोडवर येईल त्याचे काम लावून दिले, तर सहा वाजता पुन्हा काही नोड अडकलेले असतील आणि ३६ नोडच्या जॉबची पाळी कधीच येणार नाही. म्हणून शेड्यूलर मनाशी एक वेळ नक्की करतो : सहा वाजता चाळीसही नोड सुटतील, त्यांतील ३६ या जॉबला द्यायचे. तोपर्यंतच्या सहा तासांत रिकाम्या बारा नोडवर तो फक्त अशीच कामे घेतो, ज्यांच्यामुळे सहाची वेळ चुकणार नाही. या पद्धतीला बॅकफिल म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी केलेल्या ‘ईझी’ नावाच्या शेड्यूलरमुळे ती प्रसिद्ध झाली आणि आज जवळपास प्रत्येक मोठ्या केंद्रावर तीच चालते.

मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक नेमके हेच करतात. रविवारी दोन्ही सभागृहे लग्नासाठी दिलेली आहेत आणि शनिवारी एक सभागृह रिकामे आहे. एखाद्याला शनिवारी सकाळी बारसे करून दुपारी जागा सोडायची असेल, तर ते आनंदाने देतात. पण ‘आम्हाला तीन दिवस लागतील’ असे सांगणाऱ्याला ते सभागृह देत नाहीत, मग त्याचा कार्यक्रम प्रत्यक्षात दोन तासांत उरकणारा का असेना. व्यवस्थापकाला आपल्या घरचा कार्यक्रम ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते ती आपण वहीत लिहिलेली मुदत.

आपल्या जॉबचे तेच झाले आहे. बारा वाजता सुरू होऊन ७२ तास चालणारे सहा नोडचे काम सहाच्या वेळेच्या आड येते, कारण मग ३४ नोडच उरतील. त्याऐवजी आपण पाच तासांची मर्यादा लिहिली असती, तर ते पाच वाजता संपले असते आणि शेड्यूलरने ते लगेच लावले असते. आणखी एक बारकावा पाहा. आपण सहाऐवजी चार नोड मागितले असते, तर ७२ तासांची मर्यादाही चालली असती, कारण चाळीसमधून चार गेले तरी मोठ्या जॉबला लागणारे ३६ उरतातच. म्हणजे नोडची संख्या आणि मुदत यांचा विचार एकत्र करावा लागतो.

‘प्रायॉरिटी’ या शब्दाचा अर्थ इतकाच की आपल्यापुढे जास्त प्राधान्याचे जॉब उभे आहेत. तेथे ‘रिसोर्सेस’ असे आले असते, तर आपली पाळी आली आहे, फक्त जागा व्हायची आहे, असे समजायचे. रांग दाखवणाऱ्या ‘एसक्यू’ आज्ञेला ‘स्टार्ट’ हा पर्याय जोडल्यास शेड्यूलरने धरलेली अंदाजे सुरुवातीची वेळही दिसते. ती वेळ पुढेमागे होते, कारण इतरांचे जॉब त्यांनी सांगितलेल्या मुदतीआधी संपतात किंवा मध्येच कोणी जास्त प्राधान्याचे काम टाकते.

मग मुदत किती लिहावी? आधीच्या दोन-तीन जॉबना प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे ‘एसॲक्ट’ आज्ञेने पाहावे आणि त्यावर वीस-पंचवीस टक्के वाढवून लिहावे. मुदत संपली की स्लर्म जॉबला आधी थांबण्याची सूचना देतो आणि सामान्यतः ३० सेकंदांत तो थांबला नाही तर बंद पाडतो, ही भीती खरी आहे. त्या भीतीनेच लोक सरसकट कमाल मुदत लिहितात. परंतु तिच्यावरचा खरा उपाय म्हणजे आपला प्रोग्रॅम ठराविक अंतराने आपली स्थिती फाइलमध्ये साठवून ठेवेल, अशी सोय करणे. रसायनशास्त्रातील बहुतेक प्रचलित प्रोग्रॅममध्ये ही चेकपॉइंटची सोय असते. ती चालू केली, की चार तासांच्या कामाला पाच तास लिहायला मन कचरत नाही.

प्रश्न : आमच्या गटाने गेल्या महिन्यात एका शोधनिबंधासाठी क्लस्टर खूप वापरला. आता आमचे छोटे जॉबसुद्धा मागे पडतात आणि जे कधीतरीच येतात, त्यांचे लगेच लागतात. नियमित काम करणाऱ्यांना ही शिक्षा नव्हे काय?

ही शिक्षा नाही. याला फेअरशेअर म्हणतात. प्रत्येक गटाचा यंत्रात ठरलेला वाटा असतो. ज्याने अलीकडे वाट्यापेक्षा जास्त वापर केला त्याचे प्राधान्य उतरते आणि ज्याने कमी केला त्याचे चढते. महत्त्वाचा शब्द ‘अलीकडे’ हा आहे. जुना वापर हळूहळू विसरला जातो आणि तो किती वेगाने विसरायचा, हे केंद्र ठरवते. स्लर्ममध्ये मूळ ठेवण सात दिवसांत निम्मे अशी आहे. प्रोसेसरमधील एक गणक भाग, म्हणजे कोअर, एक तास वापरला की एक कोअर-तास होतो. म्हणजे आपण ८००० कोअर-तास वापरले असतील, तर सात दिवसांनी ते ४००० म्हणून धरले जातात, चौदा दिवसांनी २००० म्हणून आणि एकवीस दिवसांनी १००० म्हणून. काही केंद्रे ही मुदत दोन आठवड्यांची किंवा त्याहून जास्त ठेवतात.

याशिवाय रांगेत थांबल्याचे गुणही मिळत जातात, म्हणून कोणाचाही जॉब सहसा कायमचा मागे राहत नाही. आपण आपल्या केंद्राच्या व्यवस्थापकांना एवढेच विचारावे, की फेअरशेअर, प्रतीक्षेचा काळ आणि जॉबचा आकार यांना परस्परांत किती वजन दिले आहे. हे आकडे गुपित असण्याचे कारण नाही. माझ्या मते ते प्रत्येक केंद्राने आपल्या पहिल्या पानावर छापले पाहिजेत, कारण रांगेविषयीचे निम्मे गैरसमज नियम ठाऊक नसल्यामुळे होतात.

प्रश्न : मी जनुकशास्त्राचा विद्यार्थी आहे. माझा पायथनमधील प्रोग्रॅम क्लस्टरवर चाळीस मिनिटांनी मरतो आणि ‘आउट ऑफ मेमरी’ असे येते. त्या नोडला तर १९२ जीबी मेमरी आहे! हाच प्रोग्रॅम लॉगिन नोडवर थेट चालवला, की व्यवस्थित पूर्ण होतो. मग जॉब टाकायचाच कशाला?

नोडला १९२ जीबी आहे, पण आपल्या जॉबला ती सारी मिळालेली नाही. आपण एक कोअर मागितला आणि मेमरीविषयी काहीच लिहिले नाही. अशा वेळी केंद्राने ठरवलेला वाटा मिळतो. नोडमध्ये ४८ कोअर आणि १९२ जीबी असेल, तर तो साहजिकच प्रत्येक कोअरला ४ जीबी असा असतो. वर्कलोड मॅनेजर लिनक्समधील सीग्रुप या सोयीने प्रत्येक जॉबभोवती कुंपण घालतो आणि कुंपणाबाहेर मेमरी मागणारा जॉब तेथेच थांबवला जातो. हे निष्ठुर वाटेल, पण कुंपण नसते तर काय होते, याचा विचार करावा. त्याच नोडवर दुसऱ्या कोणाचे तीन दिवसांचे काम शेवटच्या तासात आलेले असते. मेमरी संपली, की लिनक्स स्वतःच एखादी प्रक्रिया मारते आणि ती आपलीच असेल याची खात्री नसते.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये मेमरीची मागणी स्पष्ट लिहावी. आधीच्या जॉबने जास्तीत जास्त किती मेमरी घेतली, हे ‘एसॲक्ट’च्या ‘मॅक्स-आरएसएस’ या रकान्यात दिसते. पहिल्यांदा ४० जीबी मागून पाहावे, प्रत्यक्षात २४ लागली असे दिसले तर पुढच्या वेळी ३० मागावी. मात्र वैतागून एका कोअरबरोबर १९२ जीबी मागू नये. मग उरलेले ४७ कोअर कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्यासाठी मेमरीच उरत नाही. अनेक केंद्रे अशा वेळी पूर्ण नोडचा वापर आपल्या खात्यावर मांडतात आणि ते योग्यच आहे.

लॉगिन नोडविषयी मात्र मी आपल्याला आग्रहाने सांगतो, की तेथे प्रोग्रॅम चालवू नये. लॉगिन नोड हा फाइली संपादित करण्यासाठी, प्रोग्रॅम कंपाइल करण्यासाठी आणि जॉब टाकण्यासाठी असतो, आणि तो सर्वांचा एकच दरवाजा असतो. मी पूर्वी ज्या क्लस्टरची देखभाल करत असे, तेथे एका दुपारी एका विद्यार्थ्याने हजारो छोट्या फाइली एकत्र करणारा प्रोग्रॅम लॉगिन नोडवर सोडून दिला आणि तो जेवायला गेला. दहा मिनिटांत कोणालाही फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ आज्ञा देता येईना. जे जॉब आधीच नोडवर लागले होते, ते शांतपणे चालू राहिले. पण कोणाला नवे काम टाकता येईना आणि चुकलेले काम रद्दही करता येईना. तो विद्यार्थी हुशार आणि सज्जन होता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, ही आमची चूक होती. त्या दिवसानंतर प्रत्येक नव्या खात्याबरोबर एक पानाचे टिपण देण्याची पद्धत आम्ही सुरू केली.

समोर बसून प्रोग्रॅम चालवून पाहायचा असेल, तर ‘एसरन’ आज्ञेने तासाभरासाठी एक नोड मागून घ्यावा. शेल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, आपल्यासमोर उघडते, आपण टंकित करतो ते कॉम्प्युट नोडवर, म्हणजे गणनेसाठीच्या नोडवर, चालते आणि कोणाचा दरवाजा अडत नाही.

प्रश्न : मी एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो. आम्ही आयबीएम मेनफ्रेमवर जेसीएल या जॉबच्या सूचना देण्याच्या भाषेत जॉब लिहीत असू, क्लास देत असू, प्रायॉरिटी देत असू. आजच्या मुलांना हे नवे वाटते, पण हे तेच नव्हे काय?

मूळ कल्पना तीच आहे आणि आपल्या पत्राने तिचा वारसा आठवून दिला, याबद्दल मी आभारी आहे. आपल्याकडे याची सुरुवात त्याहीपूर्वीची आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातील संशोधक तेथे पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे देऊन छापील निकालाची वाट पाहत. गठ्ठा देणे म्हणजे जॉब टाकणे आणि गठ्ठ्यांची चळत म्हणजे रांग. आजही ‘बॅच’ हा शब्द टिकून आहे, तो त्याच काळातून आलेला आहे.

पुढे दोन वाटा झाल्या. मेनफ्रेमवर एकाच प्रचंड यंत्रात दिवसाचे व्यवहार आणि रात्रीची बॅच शेजारी शेजारी चालवायची होती. तेथे आयबीएमने १९९४ मध्ये वर्कलोड मॅनेजर आणला आणि त्याची रीत वेगळी होती. कोणत्या कामाला किती सीपीयू द्यायचा हे न सांगता उद्दिष्ट सांगायचे : या व्यवहारांतील नव्वद टक्के अर्ध्या सेकंदात पुरे व्हावेत, आणि त्यांचे महत्त्व पहिल्या क्रमांकाचे. उद्दिष्ट चुकू लागले, की यंत्रणा कमी महत्त्वाच्या कामाकडून साधने काढून इकडे वळवते. एटीएमसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला व्याजाच्या हिशेबाची रात्रीची बॅच जाणवू नये, यासाठी ही योजना होती, आणि ती मला आजही अतिशय सुंदर वाटते.

दुसरी वाट अनेक यंत्रे जोडून केलेल्या क्लस्टरची. येथे साधने वाटून घेण्यापेक्षा पूर्ण नोड हातात देणे सोयीचे होते. नासाच्या एम्स केंद्रासाठी १९९० च्या दशकात पीबीएस हा शेड्यूलर तयार झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने कॉन्डॉर केले, ज्याने रात्री रिकाम्या पडलेल्या टेबलावरच्या संगणकांना कामाला लावले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००० नंतर स्लर्म सुरू झाले. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय मिशनखाली बसवलेल्या ‘परम’ यंत्रांवर स्लर्मच वापरतात. त्यामुळे आपण जेसीएलच्या जॉब कार्डावर जो वेळ आणि जो क्लास लिहीत होतात, तोच आजचा विद्यार्थी ‘एसबॅच’ आज्ञेला दिलेल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या ओळींत लिहितो. क्लासला आता पार्टिशन, म्हणजे स्वतःच्या मर्यादा असलेला नोडचा गट, म्हणतात, इतकेच.

प्रश्न : आमच्या कंपनीत सगळे कुबरनेटीस वापरतात. मग स्लर्मसारख्या प्रणाली कालबाह्य झाल्या काय?

नाही. कुबरनेटीस २०१४ मध्ये गूगलने खुले केले. त्याच्या मुळाशी गूगलच्या बोर्ग या अंतर्गत प्रणालीचा अनुभव होता. त्याचे मुख्य काम म्हणजे अखंड चालणाऱ्या सेवा जिवंत ठेवणे : एक प्रत पडली की दुसरी उभी करणे, गर्दी वाढली की प्रती वाढवणे. क्लस्टरवरच्या जॉबला सुरुवात असते आणि शेवट असतो, तो रांगेत थांबू शकतो, आणि त्याला पाचशे कोअर लागत असतील तर ते पाचशेही एकदमच लागतात, चारशे नव्व्याण्णव मिळून उपयोग नसतो. कुबरनेटीसला रांग आणि एकदम वाटप शिकवणारे जोडप्रोग्रॅम आता उपलब्ध आहेत, पण काम कोणत्या जातीचे आहे ते पाहून प्रणाली निवडावी.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे दोन जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, असलेला एक सर्व्हर आणि चार वर्कस्टेशन आहेत. विद्यार्थी एकमेकांचे काम बंद पाडतात, त्यावरून भांडणे होतात. एवढ्याशा सामग्रीसाठी वर्कलोड मॅनेजर बसवणे म्हणजे अतिरेक होईल काय?

अतिरेक मुळीच होणार नाही. उलट जेथे सामग्री थोडी आणि गरजू जास्त, तेथेच त्याची खरी गरज आहे. स्लर्म विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे आणि तो एका यंत्रावरही चालतो. पाच यंत्रांवर तो बसवण्यासाठी तीन गोष्टी आधी ठीक कराव्यात : सर्व यंत्रांवर वापरकर्त्यांची नावे आणि क्रमांक एकच असावेत, प्रत्येकाचे होम फोल्डर एनएफएस या जाळ्यावरून फाइली पुरवणाऱ्या सोयीने सामाईक असावे आणि सर्वांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या सोयीने जुळवलेली असावीत. घड्याळाचे लोक विसरतात. स्लर्म यंत्रांची ओळख पटवण्यासाठी सामान्यतः मंज ही सेवा वापरतो आणि तिच्या ओळखपत्रांना काही मिनिटांचीच मुदत असते, त्यामुळे घड्याळ मागेपुढे असलेला नोड कारण कळू न देता क्लस्टरमधून गळून पडतो.

जीपीयूंची नोंद स्वतंत्र साधन म्हणून करावी, म्हणजे ज्याने एक जीपीयू मागितला त्याच्या प्रोग्रॅमला एकच दिसेल आणि दुसऱ्यावरचे काम सुरक्षित राहील. तसेच ज्या विद्यार्थ्याचा जॉब त्या सर्व्हरवर चालू नाही, त्याला तेथे एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने, थेट शिरता येऊ नये, अशी सोय अवश्य करावी. ती स्लर्मसोबतच मिळते. हा एक दरवाजा उघडा राहिला, तर बाकी सारी व्यवस्था नावापुरती उरते, कारण रांगेत उभे राहणाऱ्याच्या आधी मागच्या दाराने येणाऱ्याचे काम होते.

दोन पार्टिशन पुरेत. एक तीस मिनिटांचे, चाचणीसाठी, ज्याचे प्राधान्य जास्त ठेवावे; दुसरे बारा तासांचे, जे मुख्यतः रात्री भरेल. प्रकल्प सादरीकरणाच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाच्या गटांसाठी एक जीपीयू आरक्षित करता येतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी, जेथे ‘प्रत्यूष’ आणि ‘अर्क’ ही यंत्रे बसवली गेली, हवामानाचा अंदाज ठरल्या वेळीच निघावा लागतो. अशा कामांसाठी केलेली आरक्षणाची सोय आपल्या महाविद्यालयालाही तशीच वापरता येते.

सॉफ्टवेअर बसवण्याआधी मात्र विभागाची एक बैठक घेऊन नियम ठरवावेत : एका विद्यार्थ्याचे एकावेळी किती जॉब, शिक्षकांना वेगळे प्राधान्य असावे की नसावे, परीक्षेच्या काळात काय. प्रणाली हे नियम काटेकोरपणे पाळून दाखवते, पण ते ठरवणे तिला जमत नाही. आपण भांडणांचा उल्लेख केला आहे, म्हणून विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी त्या बैठकीत असावेत, असे मी सुचवेन.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांकडून जीपीयूचे काम करवून घेऊ नये. प्रत्येकाने एक मिनिटाची मुदत लिहून, फक्त ‘होस्टनेम’ ही आज्ञा असलेला जॉब टाकावा, तो रांगेत पाहावा आणि निकालाची फाइल उघडावी. तीत आपल्या यंत्राऐवजी भलत्याच यंत्राचे नाव आलेले दिसते, तेव्हा आपले काम कोठे तरी दुसरीकडे, कोणी तरी ठरवून दिलेल्या जागी चालते, हे त्यांच्या ध्यानात येते. त्यानंतर सर्वांनी मिळून मुद्दाम चाळीस जॉब एकदम टाकावेत आणि रांग कशी सरकते ते फळ्यावर लिहीत जावे. एका तासिकेत हे सहज होते.